माल आला नाही की सोडला नाही?

गेमची डिस्क घ्यावी की डाउनलोड करावं, हा कबूल केलेला विषय आज पुढे ढकलतो. मुलुंडच्या एका वाचकांचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये: ‘नवा कन्सोल पहिल्याच दिवशी संपतो. कंपन्या हे मुद्दाम करतात, हो ना?’ त्या ‘हो ना’मध्येच त्यांनी निकाल देऊन टाकलाय!

राग कुठला, ते कळतं. १२ जानेवारी २०२१, दुपारी बारा. प्लेस्टेशन ५चं भारतातलं बुकिंग सुरू झालं आणि काही मिनिटांत जिकडेतिकडे ‘आउट ऑफ स्टॉक’. अमेरिका-जपानमध्ये तो १२ नोव्हेंबरलाच मिळाला होता. आपल्याकडे २ फेब्रुवारी उजाडली, म्हणजे दिवाळी हुकलीच. एक्सबॉक्स मात्र जगाबरोबरच १० नोव्हेंबरला इथे पोचला होता.

पण ‘मुद्दाम’चा हिशेब काही बसत नाही. डिस्कवाल्या पीएस५ची तेव्हाची इथली किंमत ४९,९९० रुपये. सुरुवातीला ही मशिन सोनी तोट्यात विकत होती. डिस्कवाल्या मॉडेलवरचा तोटा थांबल्याचं कंपनीने सांगितलं ते थेट ऑगस्ट २०२१मध्ये. खरी कमाई गेम आणि ऑनलाइन वर्गणीची. दुसऱ्यांनी काढलेल्या गेमवरही कन्सोलवाल्याचा वाटा असतोच. तेव्हा घरात कन्सोलच गेला नाही, तर पुढच्या कैक वर्षांच्या गेमविक्रीवर पाणी. नुसती चर्चा व्हावी म्हणून एवढं सोडणारा व्यापारी मला तरी भेटलेला नाही.

माल खरोखरच नव्हता. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट हे हाडवैरी, पण दोघांच्याही मशिनमधली मुख्य चिप एएमडीची आणि ती बनायची तैवानच्या टीएसएमसीत. लॉकडाउनमध्ये लॅपटॉपची मागणी भडकलेली, त्यामुळे त्याच दारात आणखी गर्दी. आणि हे काही पहिल्यांदा घडलं नाही. २००० साली पीएस२च्या अमेरिकेतल्या पहिल्या खेपेला १० लाख नग ठरले होते. सुटे भाग कमी पडले आणि ५ लाखच गेले.

मग मुद्दाम काहीच नाही? आहे की. असलेला माल कुठल्या देशाला किती द्यायचा, हे कुणीतरी ठरवतंच, आणि त्या यादीत आपण बरेच खाली. शिवाय मागणी एवढी असताना किंमत तीच ठेवायची, हाही निर्णयच. वरचा पैसा कंपनीने सोडला, की थिएटरबाहेरच्या ब्लॅकवाल्यासारखा कुणीतरी तो उचलतो.

त्या काळात बोरिवली स्टेशनजवळच्या एका दुकानात हे जवळून बघितलं. काउंटरवर डायरी, तीत नावं आणि फोन नंबर. काही नावांपुढे ‘बंडल’, काहींपुढे ‘फक्त मशिन’. बंडल म्हणजे कन्सोल एमआरपीलाच, पण सोबत दोन गेम आणि जादा कंट्रोलर घ्यायचाच. माल आला की फोन जायचे ते बंडलवाल्यांनाच. ‘फक्त मशिन’वाले विचारायला आले की उत्तर ठरलेलं: “दादा, माल आलाच नाही.” मुलुंडकरांचं ‘मुद्दाम’ शोधायचं तर ते त्या डायरीत.

जानेवारी २०२३मध्ये सोनीने टंचाई संपल्याचं जाहीर केलं. त्याआधीच, नोव्हेंबर २०२२मध्ये, इथली किंमत ५४,९९० झाली होती.

मुलुंडकरांनी आणखी एक विचारलंय: निन्टेंडोचा स्विच इतकी वर्षं भारतात अधिकृतपणे का आला नाही? त्याला अख्खा आठवडा लागेल. डिस्कवाल्यांनी अजून थोडा दम धरावा.