पर्समधलं पिस्तूल

मैत्रिणींनो, विषय वाचून दचकू नका. यंदाच्या संक्रांतीला चाकणला मावसबहिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. वाण लुटून झालं, बायका जरा ऐसपैस बसल्या, आणि तिळाच्या वड्या खाता खाता बोलणं निघालं ते चक्क पिस्तुलाचं! बहिणीच्या शेजारणीला महाळुंग्याच्या एका कारखान्यात दुसरी पाळी असते. रात्री बाराच्या सुमारास गाडी तिला मोठ्या रस्त्यावर सोडते. तिथून घरापर्यंत अर्धा किलोमीटर अंधार, आणि दोन्ही बाजूंना उभे कंटेनर. तिचे दीर तिला म्हणाले, "वहिनी, दादाचं पिस्तूल कपाटात पडूनच आहे. पर्समध्ये टाकत जा." पण ते तिच्या हाताला जड लागत होतं. म्हणून ती मला विचारत होती, "ताई, तुम्ही लिहिता-वाचता. बायकांना झेपेल असं लहान कुठलं असतं हो? आणि गोळी कुठली घ्यायची?"

त्या दिवशी मला काही सांगता आलं नाही. नंतर मात्र चौकशी केली, कायदा वाचला, एकदा हातात धरूनही पाहिलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

आधी दिरांचा सल्ला. तो मनातून काढून टाका. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. नवऱ्याच्या परवान्यावरचं पिस्तूल एकट्या बायकोने पर्समध्ये घालून नेलं, तर कायद्याच्या दृष्टीने ती विनापरवाना शस्त्र बाळगते आहे. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं झाली आहे. दुसऱ्याच्या हाती शस्त्र दिलं म्हणून नवऱ्याचाही परवाना जाऊ शकतो. 'गावठी' पिस्तुलाचं तर नावच नको. स्वस्तात मिळतं म्हणून आणलेली ती वस्तू कधी हातातच फुटेल याचा नेम नाही.

तेव्हा हवं असेल तर स्वतःच्या नावाचा परवाना काढायचा. वय एकवीस पूर्ण हवं. पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. चाकण, आळंदी, तळेगाव त्याच्याच हद्दीत येतात, म्हणून अर्ज आयुक्तालयात करायचा. राजगुरुनगरकडच्या भगिनी पुणे ग्रामीणमध्ये येतात, त्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. जिवाला धोका का आहे हे पटवून द्यावं लागतं. पोलीस घरी येऊन चौकशी करतात. डॉक्टरांचा दाखला लागतो, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, आणि घरी ते सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. मिळालेला परवाना पाच वर्षं चालतो. 'रस्त्यावर अंधार आहे' एवढ्या कारणावर तो मिळेलच असं समजू नका.

आता शेजारणीचा खरा प्रश्न. लहान कुठलं, आणि गोळी कुठली?

परदेशी पुस्तकांत या विषयावर पानंच्या पानं असतात, आणि बहुतेक सगळे येऊन थांबतात नऊ मिलिमीटरवर. आपल्याकडे तो प्रश्न सरकारनेच सोडवून टाकला आहे. ९ मिलिमीटर, .३८ आणि .४५ ही सैन्य-पोलिसांची बोअर. ती तुम्हा-आम्हाला दुकानात मिळत नाहीत. पर्समध्ये मावणाऱ्या हत्यारांत आपल्यासाठी उरतं मुख्यतः .३२ आणि त्याहून बारीक .२२. बोअर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचाच्या शंभराव्या भागात मोजलेली. .३२ म्हणजे जवळजवळ आठ मिलिमीटर.

यातही एक खोच आहे, आणि ती ठाऊक नसेल तर पैसे वाया जातात. .३२ ची काडतुसं दोन प्रकारची असतात. रिव्हॉल्वरचं काडतूस लांबट, बुडाला बाहेर आलेली कड असलेलं. पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दुकानात नुसतं 'बत्तीसचं द्या' म्हणू नका. बुडावर इंग्रजीत 'केएफ' दिसलं तर माल आपल्या खडकीचा! तो दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

रिव्हॉल्वर की पिस्तूल? रिव्हॉल्वरला गोल फिरणारी चकती असते, बहुधा सहा गोळ्यांची. एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा घोडा दाबायचा, पुढची समोर येते. पण दर खेपेला घोडा असा ओढायचा म्हणजे बोटात ताकद हवी. पिस्तूल चपटं असतं, पर्समध्ये नीट बसतं, गोळ्या मॅगझिनमध्ये. मात्र पहिली गोळी नळीत आणायला वरचा भाग जोराने मागे खेचावा लागतो. घामाने हात ओला असला की तो निसटतो. आणि मध्येच गोळी अडकली तर ती काढण्याचा सराव हवा. नवशिक्या बाईने विचारलं तर मी रिव्हॉल्वर म्हणेन, पण दुकानात दोन्हींचा घोडा रिकामा दाबून पाहिल्यावरच.

२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .३२ चं रिव्हॉल्वर काढलं. दिल्लीच्या २०१२ च्या त्या घटनेनंतरची ही गोष्ट, नावही त्यावरूनच. वजन अर्धा किलो, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. आणि ते मिळायचं कसल्या डबीत? दागिन्यांच्या मखमली डबीसारख्या! बायकांची वस्तू म्हटली की डबी हवीच, नाही का?

हलकं म्हणजे चांगलं, असं मात्र नाही. हत्यार जितकं हलकं, तितका त्याचा हाताला झटका जास्त. आखूड नळीने नेमही चटकन चुकतो. .२२ ला झटका कमी, म्हणून शिकायला ते उत्तम. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं ते .२२ वरच. पण चाल करून येणाऱ्या माणसाला थांबवायला .२२ पुरेल असं कुणी जाणकार सांगणार नाही.

मी स्वतः एका रेंजवर जाऊन दहा गोळ्या झाडून आले. कानाला संरक्षण होतं, उजेड होता, समोर कागद स्वस्थ उभा होता, घाई कसलीच नव्हती. दहांतल्या चारच कागदाला लागल्या! बाकीच्या सहा कुठे गेल्या ते मातीच्या ढिगाऱ्याला ठाऊक. चाकणच्या रस्त्यावर मातीचा ढिगारा नसतो, पलीकडे कुणाचं तरी घर असतं. बरं, पर्सची चेन उघडून, किल्ल्या, रुमाल, डबा बाजूला सारून हत्यार हाती यायला मला घरात, दिव्याखाली, नऊ सेकंद लागले. मिस्टर घड्याळ लावून बसले होते. तेवढ्यात माणूस वीस पावलं सहज धावतो.

म्हणून न्यायचंच तर पर्सचा एक कप्पा त्यासाठीच ठेवायचा, दुसरी टाचणीसुद्धा त्यात नको. घोडा झाकणारं म्यान हवंच. नियमही तेच सांगतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार म्यानात आणि पूर्ण झाकलेलं हवं. नुसतं काढून दाखवलंत तरी परवाना धोक्यात येतो.

आणि वापरलंत तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. जीव जाण्याची, बलात्काराची, पळवून नेण्याची, अॅसिडहल्ल्याची वेळ आली तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही तो जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट आहे. चेन हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर बचाव करणं अवघड जाईल.

आता घराचं बोलते, कारण पिस्तूल रस्त्यावर असतं तासभर आणि घरात तेवीस तास. दोन खोल्यांचं घर, शाळकरी मुलं, सुटीत आलेले भाचे. पर्स आपण कुठे टाकतो? दारामागच्या खुंटीला, नाहीतर फ्रीजवर. आणि 'आई, दहा रुपये दे' म्हटलं की 'घे पर्समधून' हेही आपणच म्हणतो! ही सवय मोडणार असेल तरच पुढचा विचार करा. घरी शिरल्याबरोबर हत्यार रिकामं करायचं. ते एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. गोदरेजच्या कपाटाची किल्ली साड्यांच्या घडीखाली असते हे घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. घरात कुणी दारू पिऊन आरडाओरडा करणारं असेल, कुणाचं मन ठिकाणावर नसेल, तर माझं उत्तर सरळ 'नको' असं आहे. नवरा रागावेल, रागावू दे.

एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं. २००७ च्या नोव्हेंबरात गहुंज्याजवळ बावीस वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. ती रात्रीच्या कामाला निघाली होती. आरोपी होते कामावर नेणाऱ्या गाडीचा चालक आणि त्याचा मित्र. धोका अनोळखी अंधारातून आला नव्हता, रोजच्या गाडीतून आला होता. तेव्हा आपली गाडी, चालक, उतरण्याची जागा यांची चौकशी आधी. रात्री काम करणाऱ्या बायकांना सुखरूप नेण्या-आणण्याची सोय करणं मालकाचं काम आहे, तो काही उपकार करत नाही. ११२ हा नंबर एका बटणावर ठेवा. मिरीचा फवारा मिळतो, त्याला परवाना लागत नाही.

शेजारणीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे गोळीचं ठरवण्याआधी बाकीचंच फार आहे की हो!" पिस्तूल पुन्हा कपाटात गेलं, पण आता नव्या कुलपात, आणि किल्ली तिच्या नवऱ्याच्या खिशात. तिने आणि पाळीतल्या चौघीजणींनी मिळून कंपनीला अर्ज दिला. गाडी आता गल्लीच्या तोंडापर्यंत येते. दिव्यासाठीही अर्ज दिला होता. खांब उभा राहिला आहे, दिवा अजून यायचा आहे.