बाराबोरच का?

आमच्या टेंभुर्णीच्या ऊसपट्ट्यात परवान्याची बंदूक म्हटलं की डोळ्यांपुढं येते बाराबोर दुनळी. नवखे इथंच फसतात: आकडा मोठा, तितकी नळी बारीक! नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्या. तशा बारा गोळ्या एक पौंड भरल्या की ती १२ बोअर. व्यास साधारण १८.५ मिमी, २० बोअरचा १५.६. ४१० चा हिशेब वेगळा, तो थेट व्यास आहे, ०.४१० इंच.

शिकारीला कुठली घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं निकालात काढला. बरंच झालं. उरला खेळ. ट्रॅप-स्कीटला जवळपास सगळे १२ च वापरतात. काडतुसात २४ ग्रॅम छर्रे, समोर ११० मिमीची उडती तबकडी. २० हाताला हलकी, पण छर्रे कमी, म्हणजे नेम जास्त चोख हवा.

घरात दोन्ही असतील तर काडतुसं कधीच एकत्र ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढं अडकतं, दिसतही नाही. मागून १२ चं भरून चाप ओढला की नळी फुटते. म्हणून तर २० ची काडतुसं सहसा पिवळी असतात.