रिकाम्या बोअरची किंमत

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, टिमिन्स गावाच्या उत्तरेला, ८ नोव्हेंबर १९६३ रोजी टेक्सास गल्फ सल्फर या कंपनीने एक बोअर मारायला घेतला. कागदोपत्री त्याचे नाव के-५५-१. चार दिवसांनी तो ६५५ फुटांवर थांबवला गेला. यंत्राने वर काढलेला खडकाचा दांडा, ज्याला या व्यवसायात कोअर म्हणतात, तो नुसता डोळ्यांनी पाहून कंपनीचे भूवैज्ञानिक वॉल्टर होलिक यांनी अंदाज बांधला : ५९९ फुटांच्या लांबीत सरासरी १.१५ टक्के तांबे आणि ८.६४ टक्के जस्त. प्रयोगशाळेतल्या तपासणीत हे आकडे फारसे हलले नाहीत, उलट चांदीही निघाली. किड क्रीक नावाने प्रसिद्ध झालेली ही खाण पुढे जवळजवळ तीन किलोमीटर खोल गेली आणि तिच्यातून दहा कोटी टनांहून अधिक खनिज निघाले. खनिजशोधाच्या इतिहासात ही कथा पहिल्याच फटक्यात लागलेल्या घबाडाची म्हणून सांगितली जाते. मला ती उलट बाजूने वाचावीशी वाटते. इतका श्रीमंत बोअरसुद्धा एकटा असताना फार थोडे सांगू शकला आणि त्याचा अर्थ लागला तो पुढच्या बोअरच्या जागा व दिशा विचारपूर्वक ठरवल्यामुळे. ड्रिलिंगचा आराखडा म्हणजे धातू कुठे लागेल याचे भाकीत, असे आपण समजतो. माझ्या मते तो प्रश्नांचा क्रम असतो, आणि बोअर रिकामा गेला तर त्यातून काय शिकायचे हे ज्यात आधी लिहिलेले नाही, तो आराखडा अपुरा आहे.

हे पटण्यासाठी आधी आपण शोधतो आहोत ती वस्तू कशी असते ते पाहिले पाहिजे. किड क्रीकसारखे तांबे-जस्ताचे साठे जुन्या समुद्राच्या तळाशी, ज्वालामुखीच्या परिसरात तयार झाले. समुद्राचे पाणी तळातल्या भेगांतून खाली झिरपते, खालच्या उष्णतेने तापते, वाटेतल्या खडकांमधून धातू विरघळवून घेते आणि पुन्हा तळातून वर उसळते. थंड पाण्याशी गाठ पडताच धातू गंधकाशी संयोग पावून तिथेच साचतात. १९७९ साली मेक्सिकोजवळच्या पॅसिफिक महासागरात ‘अल्विन’ या पाणबुडीतल्या शास्त्रज्ञांनी ३५० अंश सेल्सिअसच्या आसपासचे काळे पाणी ओकणाऱ्या चिमण्या पाहिल्या, तेव्हा ही घटना माणसाने डोळ्यांदेखत पाहिली. किड क्रीकचा शोध त्याच्या सोळा वर्षे आधीचा आहे, आणि त्या साठ्याचे वय सुमारे २७० कोटी वर्षे. या जन्मकथेला ड्रिलिंगच्या दृष्टीने मोठे मोल आहे, कारण साचण्यालाही एक शिस्त असते. तांब्याचे खनिज, चॅल्कोपायराइट, अधिक तापलेल्या भागात, म्हणजे पाण्याच्या वाटेत आणि साठ्याच्या तळाशी जमते. जस्ताचे खनिज, स्फॅलेराइट, त्यामानाने थंड अशा वरच्या आणि कडेच्या भागात जमते. साठ्याखालच्या खडकात पाणी जिथून वर आले तिथे मूळ खनिजे बदलून हिरवट क्लोराइट आणि बारीक अभ्रकी सेरिसाइट तयार होते. हा बदललेला खडक साठ्यापेक्षा कितीतरी मोठ्या भागात पसरलेला असतो. म्हणजे धातू न लागलेल्या बोअरमध्येही धातूच्या दिशेच्या खुणा असू शकतात.

साठा स्वतः मात्र लहान असतो, आणि किती लहान हे हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. पन्नास लाख टनांचा साठा घेऊ. तांबे-जस्ताच्या जगात तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. अशा गंधकयुक्त खनिजाचे वजन घनमीटरला चार टनांच्या आसपास धरले, तर एकूण आकारमान साडेबारा लाख घनमीटर होते. म्हणजे २५० मीटर लांब, २५० मीटर खोल आणि २० मीटर जाड असा एक पत्रा. कोट्यवधी वर्षांत खडकांना घड्या पडून तो उभा झालेला असेल, तर वरून त्याचा ठसा २५० गुणिले २० मीटर, पाच हजार चौरस मीटर इतकाच. शंभर चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात दर २०० मीटरवर एक सरळ खाली जाणारा बोअर मारायचा म्हटले तर २,५०० बोअर लागतील. प्रत्येक ३०० मीटरचा धरला तर साडेसात लाख मीटर ड्रिलिंग, आणि कठीण खडकात मीटरमागे हजारो रुपये खर्च. इतके करूनही तो पत्रा एखाद्या बोअरच्या वाटेत येण्याची शक्यता आठात एक. आधी जाळे टाकू, काय लागते ते पाहू, हा मार्ग वरवर निःपक्षपाती वाटतो. कोळशासारख्या आडव्या पसरलेल्या थरांसाठी तो योग्यही आहे. पण उभ्या, तुटक साठ्यांसाठी तो पैशाचा अपव्यय आहे. तेच बोअर ६० अंशांनी तिरपे मारले, तर ३०० मीटरच्या लांबीत प्रत्येकी १५० मीटर आडवे अंतर तपासले जाते. केवळ कोन बदलल्याने एवढा फरक पडतो.

म्हणून ड्रिलिंगच्या आधी क्षेत्र आखडून आणावे लागते. टेक्सास गल्फने १९५९ पासून कॅनडाच्या प्राचीन खडकांवरून विमानातून विद्युतचुंबकीय सर्वेक्षणे केली. जमिनीखाली वीज सहज वाहून नेणारे काही असेल, तर यंत्रावरच्या नोंदी आजूबाजूपेक्षा वेगळ्या येतात. त्यांना विसंगती म्हणतात. अशा विसंगती शेकड्यांनी मिळाल्या. त्यांपैकी अनेकांवर बोअर मारून झाले होते आणि हाती काही लागले नव्हते. कारण सोपे आहे : ग्रॅफाइटचे थरही वीज वाहतात, आणि पायराइट किंवा पायरोटाइट ही लोह-गंधकाची बिनकामाची खनिजेही वाहतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की स्फॅलेराइट, म्हणजे ज्या जस्तासाठी एवढा खटाटोप, तेच विजेचे चांगले वाहक नाही. जस्त भरपूर आणि तांबे-लोह कमी असलेला साठा या यंत्रांना जवळजवळ अदृश्य राहू शकतो. आता संवेदक सुधारले, संगणक हजारो नोंदी एकत्र मांडून दाखवतात, मग इतके बोअर कशाला, असा प्रश्न अलीकडे विचारला जातो. त्याला उत्तर हेच की ही साधने जमिनीचे गुणधर्म सांगतात, टक्केवारी सांगत नाहीत. एकाच विसंगतीला चार वेगवेगळे खडक कारणीभूत असू शकतात. साधने जितकी चांगली, तितके तपासण्याजोगे पर्याय स्पष्ट होतात. त्यांतला खरा कोणता, हे ठरवायला कोअरच हवा. आराखड्यात प्रत्येक लक्ष्यासमोर हे पर्याय लिहिलेले असावेत. विसंगती ग्रॅफाइटमुळे असेल तर कोअरमध्ये काय दिसेल आणि खनिजामुळे असेल तर काय, हे रिग, म्हणजे ड्रिलिंगचे यंत्र, जागेवर पोचण्याआधी ठरलेले असेल, तरच निकाल आपल्या आशेप्रमाणे वाकवला जात नाही.

के-५५-१ कडे परत जाऊ. ५९९ फूट खनिज लागले, म्हणजे साठा ५९९ फूट जाड आहे का? मुळीच नाही. वहीत सुई पानांना आडवी टोचली तर वहीची जाडी कळते. तीच पानांच्या फटीतून उभी खाली सारली, तर कितीही लांब गेली तरी जाडीबद्दल काही कळत नाही. थराच्या उतारालाच समांतर गेलेला बोअर पाच मीटर जाडीच्या पत्र्यातही शंभर मीटर खनिज दाखवू शकतो. कंपनीने आजूबाजूची जमीन हाती येईपर्यंत काम थांबवले आणि ३१ मार्च १९६४ ला पुन्हा सुरू केले. तेव्हा के-५५-३ मारला गेला तो पहिल्याच्या ५१० फूट पश्चिमेकडून, ४५ अंशांच्या कोनात पूर्वेकडे, पहिल्या बोअरच्या उभ्या पातळीला छेद देईल असा. ८७६ फुटांपैकी ६४१ फुटांत खनिज लागले, प्रतही जवळपास तीच. आता पहिला बोअर उतारावरून घसरत गेला असावा ही शंका मागे पडली. पुढचा बोअर दक्षिणेला सरकवून लांबीचा प्रश्न विचारला गेला. एकाने अस्तित्व सांगितले, दुसऱ्याने आडवा विस्तार, तिसऱ्याने लांबी. १६ एप्रिलला कंपनीने किमान अडीच कोटी टनांचा साठा जाहीर केला, तेव्हा त्यामागे हा क्रम होता.

मधल्या काळात कंपनीतल्या काहींनी स्वतःसाठी शेअर घेतले होते, त्यामुळे प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले. तिथे चर्चिला गेलेला एक प्रश्न भूवैज्ञानिकांनीही जपून ठेवावा असा आहे. एका बोअरला किती अर्थ? खालच्या न्यायालयाने म्हटले की ९ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंतची माहिती गुंतवणूकदाराच्या दृष्टीने निर्णायक नव्हती, कारण तोवर तिन्ही दिशांचा पुरावा जमला नव्हता. १९६८ मध्ये वरच्या न्यायालयाने हे फिरवले. घटना घडण्याची शक्यता आणि घडली तर तिचे आकारमान, या दोन्हींचा एकत्र विचार करा, असे त्या न्यायालयाने सांगितले आणि त्या मापाने पहिला बोअरही महत्त्वाचा ठरवला. मला दोन्ही निकालांत तथ्य दिसते. साठा किती, या प्रश्नावर एक बोअर जवळजवळ मुका असतो. पुढे काय करायचे, या प्रश्नावर मात्र तो फार मोठ्याने बोलतो. आराखडा आखणाऱ्याने हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे असतात, आणि बहुतेक फसलेल्या मोहिमांत ते एकमेकांत मिसळलेले असतात.

आता रिकाम्या बोअरकडे. लोक म्हणतील, ज्यातून काही निघाले नाही त्याची एवढी चर्चा कशाला? कारण संख्येने तेच जास्त असतात, आणि तेच नीट वाचले जात नाहीत. धातू नाही, पण क्लोराइट वाढत चालला आहे, तर आपण उष्ण पाण्याच्या वाटेजवळ आहोत. चॅल्कोपायराइटच्या बारीक शिरा दिसतात पण खनिजाचा सलग पट्टा नाही, तर कदाचित आपण साठ्याच्या खाली उतरलो आहोत आणि वरचा जस्ताचा भाग बाजूला राहिला आहे. घडी पडून खडक उलटे झाले असतील तर ‘वर’ म्हणजे कोणती दिशा, हेही आधी ठरवावे लागेल. बोअरमध्ये संवेदक सोडून विद्युतचुंबकीय मोजणी केली, तर बोअरपासून शंभर मीटरच्या आसपास असलेला वाहक पदार्थही दिशेसह ओळखता येतो. रिग हलवण्याआधी ही मोजणी केली नाही, तर मारलेल्या बोअरचा अर्धा उपयोग हातचा गेला असे मी मानतो. तशीच बोअरच्या वाटेची मोजणी. कठीण थरांत पोलादी दांडे हळूहळू वळतात. कोनात फक्त दोन अंशांचा फरक सुरुवातीपासून राहिला, तर ५०० मीटरच्या टोकाशी १७ मीटरची चूक होते. वीस मीटरच्या पत्र्यावर नेम धरला असताना ही चूक म्हणजे साठा चुकणे. पायरोटाइटसारख्या चुंबकीय खनिजांजवळ होकायंत्र फसते, तिथे चुंबकत्वावर अवलंबून नसलेला जायरो लागतो. कोअर पुरता हाती येणे, अर्धा कोअर पेटीत जपून ठेवणे, नमुन्यांत मधूनमधून धातू नसलेले आणि ज्ञात प्रतीचे नमुने मिसळून प्रयोगशाळेची परीक्षा घेणे, हे सगळे ओघाने आलेच.

एक आक्षेप गंभीर आहे. आधीच इतके सगळे लिहून ठेवले, तर जागेवरच्या अनुभवी भूवैज्ञानिकाचा हात बांधला जात नाही का? नजर, सवय, खडक हाताळून आलेली जाण यांना किंमत आहेच. होलिक यांचा डोळ्यांनी बांधलेला अंदाज प्रयोगशाळेच्या इतका जवळ आला, तो त्याच जाणिवेतून. पण लिहिलेला आराखडा त्या जाणिवेच्या विरोधात उभा नसतो. तो तिला आपले कारण सांगायला लावतो. तिसऱ्या बोअरची जागा बदलायची असेल तर खुशाल बदलावी, फक्त पहिल्या दोनमधल्या कोणत्या निरीक्षणामुळे, हे वहीत यावे. माझ्या मते एकूण मीटरपैकी मोठा हिस्सा सुरुवातीला कुठल्याच जागेला न वाटता राखून ठेवावा आणि पहिल्या फेरीने काय शिकवले त्यावर तो खर्चावा. आणि सगळ्यांत अवघड कलम म्हणजे थांबायचे केव्हा. किती बोअरनंतर आणि कोणत्या खुणा न दिसल्यावर हे लक्ष्य सोडायचे, हे आशा ताजी नसताना ठरवणे भाग आहे. एकदा कोअरमध्ये चकाकणारा पायराइट दिसू लागला की थांबणे कुणालाच जमत नाही.

हे सगळे आपल्यासाठी दूरचे नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली आहे, पण पूर्व विदर्भात जुने खडक उघडे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथे तांबे, नागपूर जिल्ह्यात कोलारी-भावनोरी इथे जस्त यांच्या नोंदी आहेत. सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या बैतूल पट्ट्यात समुद्रतळावर जन्मलेले जस्त-तांब्याचे साठे ओळखले गेले आहेत. देशभर ड्रिलिंग करणारी सरकारी कंपनी एमईसीएल नागपूरची, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालयही नागपूरलाच. २०१५ मध्ये राष्ट्रीय खनिज अन्वेषण न्यास स्थापन झाल्यापासून या कामाला निधी मिळतो, आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीने तांबे-जस्तासह २९ खनिजांसाठी खासगी शोधकांना अन्वेषण परवान्याची वाट खुली झाली. आपल्या नियमांत साठ्याचा दर्जा ठरवण्यासाठी बोअरमधल्या अंतराचे निकष आहेत. साठा सापडल्यावर तो मोजताना ते आवश्यकच आहेत. शोधाच्या टप्प्यावर मात्र तेच अंतर भरून काढणे हे काम होऊन बसते, मीटर पूर्ण झाले की अहवाल पूर्ण होतो, आणि रिकाम्या बोअरला एका ओळीची नोंद मिळते. तिथे बदल हवा. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडाराचे पोर्टल सुरू झाले आहे; सार्वजनिक पैशातून मारलेल्या प्रत्येक बोअरची वाट, खडकांची पूर्ण नोंद आणि तो कोणता प्रश्न विचारण्यासाठी मारला होता, हे तिथे सर्वांना पाहता आले पाहिजे. बैतूलसारख्या पट्ट्यांत दाब आणि उष्णतेने जुना क्लोराइटचा खडक ओळखू न येण्याइतका बदलला आहे. त्याच्या जागी कॉर्डिएराइट आणि अँथोफिलाइटचे खडक दिसतात, आणि जस्त असलेले हिरवे, टणक गाहनाइट साठ्यापासून दूरवरही सापडते. धातू न लागलेल्या जुन्या पेट्यांतले कोअर या तीन खनिजांसाठी पुन्हा तपासणे हे नव्या एका बोअरपेक्षा स्वस्त पडेल, आणि पुढची रिग कुठे उभी करायची हे ठरवण्याआधी ते झाले पाहिजे.