मागे उभा राहणारा खेळाडू

फुटबॉल म्हटला की प्रत्येकाला पुढे खेळायचे असते. ज्याला नीट खेळता येत नाही त्याला आपण म्हणतो, "तू मागं थांब." मागची जागा म्हणजे कमी दर्जाची, असा आपला समज आहे. तो खरा आहे काय, हे एका खेळाडूच्या माहितीवरून पाहू.

त्यांचे नाव डेरिक परेरा. ते गोव्याचे. १९८० च्या दशकात ते साळगावकर क्लबकडून बचावपटू म्हणून खेळत. भारताच्या संघातूनही ते खेळले.

बचावपटूचे काम म्हणजे आपल्या गोलाकडे येणारा चेंडू अडवणे. कबड्डीत कोपऱ्यातल्या गड्याने पकड केली तर संघाला गुण मिळतो. फुटबॉलात तसे नाही. बचावपटूने दहा वेळा चेंडू अडवला तरी फळ्यावर काहीच लागत नाही. एकदा चुकला की समोरच्यांचा गोल लगेच लागतो! हरभऱ्यात रोही शिरू नयेत म्हणून आपले वडील रात्री जागलीला जातात. माल घरी आल्यावर पोती मोजतात, जागलीच्या रात्री कोणी मोजत नाही. तसेच हे काम आहे.

पण मागे उभे राहण्यात एक मोठा फायदा आहे. पुढच्या गड्याचे लक्ष समोरच्या गोलावर असते. मागच्याला जवळजवळ सगळे मैदान दिसते. कोण दमला, कुठे जागा रिकामी पडली, हे तो ओरडून सांगतो. प्रशिक्षकाचे कामही हेच नाही का?

खेळणे सोडल्यावर परेरा प्रशिक्षक झाले. मुंबईच्या महिंद्र युनायटेड या क्लबने त्यांच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. ही स्पर्धा १९९६ ते २००७ पर्यंत झाली. त्यात महाराष्ट्राच्या क्लबला विजेतेपद मिळाले ते एवढे एकदाच. पुढे त्यांनी पुणे एफ.सी. ला शिकवले. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुण्याचा दुसरा क्रमांक आला. आज हे दोन्ही क्लब राहिले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये एफ.सी. गोवा संघाचे प्रशिक्षक मोसम चालू असतानाच सोडून गेले. तेव्हा संघ परेरांच्या हाती देण्यात आला.

परदेशातही असे उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशाचे डॅनियल पासारेला हे बचावपटूच होते. ते कर्णधार असताना त्यांच्या देशाने १९७८ चा विश्वचषक जिंकला. १९९८ च्या विश्वचषकात तेच अर्जेंटिनाचे प्रशिक्षक होते.

तेव्हा मित्रांनो, एकाच मुलाला रोज मागे उभे करू नका. आळीपाळीने सर्वांनी मागे खेळावे. कोणी चेंडू अडवला तर त्याच्यासाठीही टाळ्या वाजवाव्यात. पालकांना विनंती की, "किती गोल केले?" असे विचारता तसेच "किती अडवले रे?" हेही विचारा.

— इयत्ता ७ वी