शत्रूचाही हक्क : न्यायमूर्ती मर्फी यांचे भिन्नमत

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फिलिपाइन्समधील जपानी सैन्याने निःशस्त्र नागरिकांची, विशेषतः १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिला शहरात, जी कत्तल केली, तिच्याबद्दल तेथील सेनापती जनरल तोमोयुकी यामाशिता यांच्यावर अमेरिकी लष्करी आयोगापुढे खटला चालला. त्यांनी अत्याचारांचे हुकूम दिले किंवा त्यांना त्यांची कल्पना होती, असे दोषारोपपत्रात म्हटलेले नव्हते. हाताखालच्या सैन्याला त्यांनी आवर घातला नाही, हाच मुख्य आरोप होता.

आयोगावरील पाच जनरलांपैकी एकही कायदेतज्ज्ञ नव्हता. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर आधीच्या ६४ आरोपांत आणखी ५९ आरोपांची भर पडली, तरी बचावपक्षाने तयारीसाठी मागितलेली तहकुबी नाकारण्यात आली. ऐकीव पुरावा, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून कळलेली हकीकत, आणि गैरहजर साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे, ज्यांची उलटतपासणी शक्यच नव्हती, हे सारे ग्राह्य धरून ७ डिसेंबरला आयोगाने फाशीची शिक्षा सुनावली.

यामाशिता यांची कैद कायदेशीर आहे का, हे तपासण्याची विनंती करणारा बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ फेब्रुवारी १९४६ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. भिन्नमत नोंदवणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती फ्रँक मर्फी हे पूर्वी फिलिपाइन्सचे गव्हर्नर-जनरल होते. अत्याचार झाले आणि दोषींना शासन व्हायलाच हवे, हे त्यांना पूर्ण मान्य होते. मात्र अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीने दिलेली रीतसर न्यायप्रक्रियेची हमी ‘कोणत्याही व्यक्तीला’ असल्यामुळे पराभूत शत्रूलाही ती नाकारता येत नाही, असे त्यांनी बजावले. ज्या सैन्याची दळणवळण यंत्रणा अमेरिकी फौजांनीच उद्ध्वस्त केली, त्या सैन्यावर ताबा राहिला नाही म्हणून सेनापतीला गुन्हेगार ठरवणे त्यांना मुळातच अन्यायाचे वाटले. दुसरे न्यायमूर्ती वायली रटलेज यांनी पुराव्याच्या नियमांवर आणि बचावाला न मिळालेल्या अवधीवर सविस्तर बोट ठेवले.

२३ फेब्रुवारीला यामाशिता यांना फाशी झाली. पुढे जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पुरवणी करारात आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या रोम संविधीत सेनापतीचे उत्तरदायित्व निश्चित करताना, त्याला गुन्ह्याची माहिती होती का किंवा ती असायला हवी होती का, ही कसोटी स्पष्टपणे घातली गेली. मनिलातील बळींचे दुःख अपार होते, आणि म्हणूनच त्यांच्या नावाने होणारा न्याय निर्दोष असणे अगत्याचे होते. आरोपीचा वैयक्तिक दोष सिद्ध न करता दिलेली शिक्षा विजेत्याचा राग शमवू शकते, परंतु उद्याच्या सेनापतीला त्याचे कर्तव्य नेमके कोठे सुरू होते हे शिकवू शकत नाही.