इंडोनेशियन उपसर्ग-प्रत्यय आणि अनुवादक

इंडोनेशियन भाषेकडे वळणाऱ्या भारतीय वाचकास ती प्रथमदर्शनी फार जवळची वाटते. 'बहासा', 'गुरु', 'सास्त्रा' ही नाती त्यास लगेच ओळखू येतात. शिवाय नामास लिंग नाही, क्रियापदास काळाचे विकार नाहीत. ही जवळीक फसवी आहे. या भाषेचा खरा व्यवहार मूळ शब्दाच्या दोन्ही टोकांना चालतो.

'दुदुक' म्हणजे बसणे. 'मन्दुदुक्कान' म्हणजे दुसऱ्यास बसविणे. परंतु अंती 'कान' जाऊन 'ई' आला की 'मन्दुदुकी', म्हणजे एखादी जागा व्यापणे वा बळकावणे. 'कदुदुकान' म्हणजे स्थान, दर्जा. 'पन्दुदुक' म्हणजे रहिवासी, आणि त्यास 'आन' जोडताच 'पन्दुदुकान', म्हणजे परकीयांचा लष्करी ताबा. १९४२ ते १९४५ या काळातील जपानी अंमलाचा निर्देश याच शब्दाने होतो. देशात राहणारे आणि देश बळकावून बसणे, यांत एका प्रत्ययाचेच काय ते अंतर! आपल्याकडील 'आहार', 'विहार', 'संहार' यांचे येथे स्मरण होईल. मात्र संस्कृतात उपसर्ग अर्थ पालटतो, तर इंडोनेशियनात उपसर्ग व प्रत्यय पुष्कळदा मिळून काम करतात.

'क–आन' ही जोडी तर विशेष मननीय आहे. 'माती' म्हणजे मरणे; 'कमातियान' म्हणजे मृत्यू. परंतु एखाद्या पुरुषास उद्देशून 'कमातियान इस्त्री' म्हटले, तर त्याची पत्नी निवर्तली असा अर्थ होतो. वाक्याचा कर्ता मृत व्यक्ती नसून मागे उरलेली व्यक्ती असते. 'हुजान' म्हणजे पाऊस, आणि 'कहुजानान' म्हणजे पावसात सापडलेला. मराठीत 'त्याची बायको गेली' म्हटले की घटना कळते. पण ती ज्याच्यावर कोसळली तो षष्ठीच्या आडोशाला जातो. माझ्या मते अशा ठिकाणी अनुवादकाने शब्दाची नव्हे, कर्त्याची निष्ठा राखावी, मग वाक्य सर्वस्वी बदलावे लागले तरी चालेल.

राजकीय मजकुरात ही चूक अधिक महाग पडते. 'सातू' म्हणजे एक. त्यापासून 'पर्सातुआन' आणि 'कसातुआन' असे दोन शब्द होतात, आणि आपले अनुवादक दोहोंसाठी 'एकता' लिहून मोकळे होतात. पहिल्यात अनेकांनी एकत्र येणे आहे. दुसऱ्यात मुळातच एकसंध असणे. १९४५च्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत, पंचशीलाच्या तिसऱ्या तत्त्वात, पहिला शब्द आहे. त्याच घटनेच्या पहिल्या कलमात राज्याचे वर्णन दुसऱ्याने केले आहे. १९४९च्या अखेरीस संघराज्य स्थापन झाले आणि १९५०च्या ऑगस्टमध्ये ते विसर्जित होऊन एकात्म राज्य आले, हे ध्यानी घेतले म्हणजे उपसर्गाची निवड किती अर्थगर्भ आहे हे उमगेल.

संस्कृतातून आलेला 'वान' प्रत्यय मात्र तेथे चांगलाच रुजला: 'वार्तावान' म्हणजे पत्रकार, 'सास्त्रावान' म्हणजे साहित्यिक. 'कसुसास्त्राआन', म्हणजे साहित्य, यात तर संस्कृत 'सु' देशी 'क–आन'च्या कुशीत बसला आहे.

कोश पाहणाऱ्यास आणखी एक अडचण येते. शब्द मूळ रूपाखाली दिलेले असतात, आणि 'म' हा उपसर्ग लागताना आरंभीचे क, प, त, स लोपून त्यांच्या जागी अनुनासिक येते. म्हणून 'मङाराङ' शोधताना 'काराङ' पाहिल्यास 'लेखन करणे' हा अर्थ मिळतो; 'आराङ' पाहिल्यास 'कोळसा होणे'.