नोंद, हजेरी आणि शोध : ओएसजीआयमधील दूरस्थ सेवांचा मागोवा

सुटे घटक जोडून प्रणाली उभारायची आणि ती चालू असतानाच त्या घटकांनी एकमेकांना शोधून काढायचे, ही कल्पना संगणकशास्त्रात जुनी आहे. मात्र हवा असलेला घटक नेटवर्कपलीकडच्या दुसऱ्याच संगणकावर असेल तेव्हा काय करावे, याचे समाधानकारक उत्तर घडण्यास सुमारे दोन दशके लागली, आणि त्या काळात सेवा सापडण्यापेक्षा ती नाहीशी झाल्याचे कळणे हाच अधिक अवघड प्रश्न ठरला.

वाशीम जिल्ह्यातील सोयाबीनच्या बाजाराचे एक कल्पित उदाहरण घेता येईल. वाशीम, कारंजा आणि रिसोड येथील बाजार समित्यांच्या संगणकांवर दिवसाचे भाव सांगणारी एकेक सेवा चालू आहे आणि ते भाव शेतकऱ्याला दाखवणारा प्रोग्राम चौथ्याच संगणकावर आहे, असे समजावे. तिन्ही पत्ते प्रोग्राममध्येच लिहून ठेवता येतात. पण मानोऱ्याला नवी सेवा सुरू झाली किंवा रिसोडची वीज गेली, की तो प्रोग्राम उघडून दुरुस्त करावा लागतो. गतिशील शोधाच्या पद्धतीत प्रोग्रामला फक्त कोणत्या प्रकारची सेवा हवी एवढेच ठाऊक असते, आणि कोण आले, कोण गेले हे त्याला चालता चालता कळवले जाते.

या विषयातील मूलभूत इशारा १९९४ मध्येच दिला गेला होता. सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वॉल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका टिपणात असे प्रतिपादिले, की शेजारच्या घटकाला घातलेली साद आणि नेटवर्कपलीकडे घातलेली साद एकसारखी मानणे चुकीचे आहे, कारण दुसऱ्या प्रकारात विलंब असतो आणि एक बाजू बंद पडूनही दुसरी चालू राहते, असा अर्धवट बिघाडही असतो. १९९८ साली याच कंपनीने जिनी ही रचना जाहीर केली. तीत सेवेची नोंद ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर मिळे आणि सेवेने मुदत वाढवून न घेतल्यास आपोआप रद्द होई. वेब सेवांसाठी २००० मध्ये आलेल्या यूडीडीआय नोंदवहीत नोंदीचा सेवेच्या हयातीशी असा बांधील संबंध नव्हता. तिची सार्वजनिक आवृत्ती २००६ मध्ये बंदही झाली.

ओएसजीआय हा संघ मार्च १९९९ मध्ये स्थापन झाला तो घरगुती उपकरणे जोडणाऱ्या गेटवे यंत्रांसाठी, जावा भाषेवर आधारलेला समान पाया घडवण्याकरिता. त्याच्या २००० मधील पहिल्या मानकानुसार प्रोग्रामच्या सुट्या भागाला बंडल म्हणतात. प्रत्येक बंडल आपल्या सेवा सामायिक नोंदवहीत मांडते आणि इतरांच्या सेवा तेथूनच घेते. बंडल केव्हाही थांबवता येत असल्यामुळे सेवा घेणाऱ्याला ती निघून जाण्याची तयारी ठेवावीच लागते. २००४ मध्ये एक्लिप्स या प्रोग्राम-लेखनाच्या साधनाने हा पाया स्वीकारल्यावर त्याचा प्रसार वाढला, तरी अनेक प्रोग्रामरांना ही शिस्त जाचकच वाटत राहिली. पुढची वाटचाल मात्र याच जाचामुळे शक्य झाली, असे म्हणावे लागते.

झुरिचच्या ईटीएच या संस्थेतील यान रेलरमायर, गुस्ताव्हो अलोन्सो आणि टिमथी रॉस्को यांनी २००७ मध्ये मांडलेल्या आर-ओएसजीआयने वॉल्डो यांच्या आक्षेपाला अनपेक्षित बाजूने उत्तर दिले. नेटवर्क तुटणे हे बंडल काढून घेण्यासारखेच मानले, तर स्थानिक प्रोग्रामला जी शिस्त आधीच पाळावी लागते तीच येथेही पुरते. विलंबाचा प्रश्न यातून सुटत नाही. पण रिसोडची वीज जाणे आणि रिसोडचे बंडल थांबणे या दोन घटना प्रोग्रामच्या दृष्टीने एक होतात.

ओएसजीआयच्या ४.२ आवृत्तीत, म्हणजे २००९-१० मध्ये, हा विचार मानकात आला. सेवेवर निर्यातीची खूण केली, की तिच्यासाठी एंडपॉइंट, म्हणजे बाहेरून गाठता येणारे टोक, तयार होते. एंडपॉइंटांची वार्ता आणणे, प्रत्यक्ष आयात-निर्यात करणे आणि कोणाची आयात करायची हे ठरवणे ही कामे तीन वेगळ्या घटकांकडे सोपवली गेली, आणि शोधासाठी कोणता प्रोटोकॉल वापरावा हे मानकाने मुद्दाम मोकळे ठेवले. त्यामुळे बंडलमधील साधी एक्सएमएल फाइलही शोधाचे साधन ठरू शकते, जरी पलीकडचा संगणक बंद पडल्याचे ती फाइल सांगू शकत नाही. अपाचेच्या डीओएसजीआय प्रकल्पाने शोधासाठी झूकीपर या समन्वय-सेवेचा आधार घेतला. त्यातील तात्पुरती नोंद सेवेचे सत्र संपताच पुसली जाते, म्हणजे जिनीचा भाडेपट्टाच वेगळ्या रूपाने परत आला. मूळ मानकात एंडपॉइंटचा तपशील बदलला की तो काढून पुन्हा जोडावा लागे; ही उणीव दूर होण्यास २०१५ साल उजाडले.

तोवर कुबरनेटीससारख्या साधनांनी शोधाचे हे काम भाषेबाहेर, कंटेनरांच्या, म्हणजे प्रोग्राम बंदिस्त करून चालवणाऱ्या पुड्यांच्या, पातळीवर नेले होते, आणि २०२० मध्ये ओएसजीआयचे काम एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्यात आले. भारतात डिसेंबर २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या ओएनडीसी या व्यापारी जाळ्याच्या मूळ रचनेत शोधाची आणखी एक तऱ्हा दिसते: नोंदवहीत सहभागींचे पत्ते आणि सार्वजनिक किल्ल्या असतात, खरेदीदाराच्या ॲपची विचारणा गेटवे संबंधित विक्रेता-ॲपांकडे पाठवतो, आणि उत्तरे ज्याची त्याने, आपापल्या वेळी द्यायची असतात. सभासद कोण हे तेथे नोंदवही सांगते. या घडीला हजर कोण, हे मात्र आलेल्या उत्तरांवरूनच ठरते.